उरलेलं परत ओतायचं नाही

आमच्या लॉन्ड्रीच्या केमिकलच्या खोलीत भिंतीवर पाच नियम लिहिलेत. अक्षर माझं आहे, त्यामुळे वाचायला जरा त्रास होतो, पण चौथा नियम मी मुद्दाम लाल रंगात काढलाय: उरलेलं परत ओतायचं नाही. हा नियम मोडला गेला म्हणून एकदा आमच्या शेडच्या पत्र्याला पोचा आला, आणि माझ्या सासूबाईंचे नऊ दिवस फार वाईट गेले. पत्र्याचं काही नाही, तो अजून तसाच आहे. मी सासूबाईंचं सांगायला बसले आहे.

लॉन्ड्री म्हणजे इस्त्रीचं दुकान नव्हे, हे आधी सांगते, कारण नातेवाईक अजूनही मला लग्नातल्या साड्या आणून देतात आणि वर ‘उद्या मिळतील ना’ असं विचारतात. आमची शेड चिंचवडच्या पुढे, छोट्या छोट्या वर्कशॉपच्या गल्लीत आहे. दोन मोठी मशीन, एक ड्रायर, सहा बायका आणि मी. चाकणकडच्या कंपन्यांच्या कॅन्टीनचे पांढरे कोट, टेबलक्लॉथ, मशीनवर काम करणाऱ्यांचे निळे डगले, हॉस्टेलच्या चादरी, असं सगळं आमच्याकडे येतं. त्यात कॅन्टीनचा पांढरा कोट म्हणजे डोक्याला ताप. पुढून हळद, बाहीला तर्री, खिशाला चहा, इथवर मी समजू शकते. पण काहींच्या पाठीवर पाच बोटं उठलेली असतात, तीही तेलाची. माणूस स्वतःच्या पाठीला हात कसा पुसतो, ते मला आजवर कळलेलं नाही.

हे डाग घालवायला आम्ही हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतो. आधी क्लोरीनवालं ब्लीच वापरायचो, पण त्यानं कापड विरायचं आणि दुपारपर्यंत सगळ्यांचे घसे धरायचे. पेरॉक्साइडला वास जवळजवळ नाही. दिसायला पाण्यासारखं. आणि तीच त्याची लबाडी आहे. पहिल्याच आठवड्यात माझ्या फाटक्या हातमोज्यातून ते आत गेलं आणि तीन बोटं खडूसारखी पांढरीफटक पडली, शिवाय अशी चुरचुरली की मी नळाखाली हात धरून अर्धा तास आमच्या केमिकलवाल्याला शिव्या घातल्या. तो बिचारा समोरच उभा होता. म्हणाला, “ताई, शिव्या द्या, पण हात पाण्यातून काढू नका. बोटं संध्याकाळपर्यंत होतील लाल. डोळ्यात गेलं असतं तर मात्र शिव्या द्यायला मी पुरलो नसतो.”

हा केमिकलवाला माणूस मोठा सरळ. माल देऊन पळून जाणाऱ्यातला नाही. त्या दिवशी त्यानं सगळ्या बायकांना गोळा केलं आणि कॅनचं निळं झाकण दाखवलं. झाकणाच्या मधोमध बारीक छिद्र होतं. तो म्हणाला, “हे पाणी सारखं थोडं थोडं हवा सोडत असतं. या छिद्रातून ती बाहेर जाते. हे याचं नाक समजा. याला दुसरं झाकण लावायचं नाही, वर फडकं बांधायचं नाही, ऊन लागू द्यायचं नाही. यात गंज गेला, सोडा गेला, नुसती धूळ गेली तरी हे खवळतं, तापतं, आणि कॅन फुगतो. सांडलं तर भरपूर पाणी मारायचं. चिंधीनं पुसून चिंधी कोपऱ्यात टाकली, तर ती आपोआप पेट घेऊ शकते. आणि बादलीत काढलेलं उरलं, तर ते पुन्हा कॅनमध्ये ओतायचं नाही. पाणी घालून पातळ करायचं आणि सोडून द्यायचं.”

मी सगळं भिंतीवर लिहून काढलं आणि दुसऱ्या दिवसापासून नियम मोडणारीला फैलावर घ्यायला लागले. माझा राग नाकावर असतो. आणि तो एकदा सुटला की मला स्वतःलाच आवरत नाही, हे मी कबूल करते. गॉगल डोक्यावर चढवून फिरणाऱ्या बाईला मी एकदा इतकं बोलले, की पलीकडच्या वर्कशॉपमधल्या पोरांनी लेथ बंद करून ऐकलं. बायका मला घाबरायच्या. मला वाटायचं, बरंच आहे, निदान डोळे तरी शाबूत राहतील.

आता सासूबाई. त्या तळेगाव दाभाड्याजवळच्या गावातल्या. जमीन एमआयडीसीत गेली, पाठोपाठ सासरे गेले, आणि माझ्या नवऱ्यानं त्यांना आकुर्डीला आमच्या फ्लॅटवर आणलं. सहाव्या मजल्यावर. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, जन्मभर पहाटेपासून शेतात राबलेली, आणि इथं करायचं काय, तर मी चिरून ठेवलेल्या भाजीला फोडणी. एक महिना त्यांनी काढला. मग एका सकाळी मी निघताना त्या चपला घालून दारात उभ्या. म्हणाल्या, “मी येते तुझ्यासंगं. घरात बसून मला गंज चढायला लागलाय.”

नवरा नको म्हणत होता. मीही मनातून नकोच म्हणत होते, पण त्या लिफ्टमध्ये शिरल्यासुद्धा होत्या. वाटलं, येतील दोन दिवस, कंटाळतील. कुठल्या कंटाळतात? दुसऱ्याच दिवशी केमिकलच्या खोलीत पाय. तिथं थोडं पेरॉक्साइड सांडलं होतं, आणि ह्यांनी लगेच कोपऱ्यातलं पोतं उचललं पुसायला. मी किंचाळले. पोतं हातातून हिसकावून घेतलं, त्यांना बाहेर काढलं, आणि सगळे नियम एका दमात म्हणून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाकीचं पटलं त्यांना. चौथं काही पटेना.

“उरल्यालं टाकून द्यायचं?” त्या म्हणाल्या. “चांगलं हाय तरी?”

“चांगलं नसतं आई ते. बादलीत कुठे सोड्याचा कण असतो, कुठे काय असतं. तेवढ्यानं सगळा कॅन नासतो.”

“सगळ्या जन्मात मी वाटीभर पीठ कधी टाकलं न्हाई गं.”

त्यात त्यांचं चुकत होतं असंही नाही. आपल्याकडे कुठलीही बाई उरलेलं पीठ डब्यात घालते, कढईतलं तेल गाळून बरणीत घालते. कुणी शिकवावं लागत नाही, हात आपोआप डब्याकडे वळतो. म्हणून तर माझ्या सहाही बायकांना हा नियम पाळणं जड जात होतं. गमबूट घातले, गॉगल लावले, पण उरलेलं ओतून देताना प्रत्येकीचा चेहरा कडू व्हायचा.

यावर तोड सासूबाईंनीच काढली. दोन दिवस त्या नुसत्या दारात स्टूल टाकून बघत बसल्या. कोणत्या मशीनला किती कोट, किती चादरी, त्याला किती पेरॉक्साइड लागतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून नखं रंगवायची लाल बाटली मागून घेतली. मला वाटलं, आता या वयात हे काय. तर त्यांनी प्लास्टिकच्या मापाच्या जगवर बाहेरून बारीक रेघा मारल्या. चादरींची पहिली रेघ, कोटांची दुसरी, हळदीच्या कोटांची तिसरी. लिहायला वाचायला येत नाही, पण रेघ बरोबर जिथे पाहिजे तिथे. म्हणाल्या, “उरलंच न्हाई, तर परत वतायचा परश्नच कुटं हाय?”

मला पटलं. असं वर्षातून एकदा होतं.

तेव्हापासून मोजून काढायचं काम सासूबाईंचं. नऊवारीवर प्लास्टिकचा एप्रन, कोपरापर्यंत हातमोजे, गमबूट आणि गॉगल. पहिल्या दिवशी नवऱ्याला फोटो पाठवला, तर तो कंपनीतून फोन करून विचारतो, आई विहिरीत उतरली आहे का. बायका त्यांना आजी म्हणायच्या आणि माप मागायला रांगेत उभ्या राहायच्या. बोलावलेली गाडी येऊन थांबायच्या आत ह्या चपला घालून तयार. घरी आल्यावर जेवताना मशीनच्या गप्पा. त्यांची तब्येत सुधारली, माझा वैताग कमी झाला, आणि वर पेरॉक्साइडही कमी लागायला लागलं. आमचं फार छान चाललं होतं.

मग तो मंगळवार आला. त्या दिवशी एका कॅन्टीनमध्ये बाहेरचे पाहुणे यायचे होते, म्हणून त्यांना सगळे कोट दुपारी दोनच्या आत हवे होते. सकाळपासून फोन वाजत होता. साडेदहाच्या सुमाराला सासूबाई बायकांबरोबर चहाला बाहेर गेल्या होत्या. अकरा वाजता सगळं पुन्हा सुरू झालं. आणि बाराच्या आत, कपड्यांचे खिसे तपासायला बसणारी बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “ताई, एक कॅन लई फुगलाय.”

ही बाई परभणीकडची. बोलते हळू, काम चोख. मी म्हटलं, काहीतरीच. दारातून डोकावले. भिंतीजवळच्या पहिल्या कॅनच्या बाजू बाहेर आल्या होत्या, एखाद्या टम्म फुगलेल्या पुरीसारख्या, आणि आतून बारीक सूं असा आवाज येत होता.

सगळ्यांना मी गल्लीत काढलं. शेजारच्या पोरांनाही ओरडून बाहेर बोलावलं. केमिकलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “झाकणाला हात लावू नका. जवळ जाऊ नका. पाइप आहे ना? दाराच्या आडून पाणी मारत राहा कॅनवर, जेवढं मारता येईल तेवढं. आजूबाजूला कपडे नाहीत ना? मी निघालोच.” मी भिंतीच्या आड उभी राहून हात तेवढा बाहेर काढून पाणी मारत होते. माझ्या मागे सासूबाई येऊन उभ्या राहिल्या, तर त्यांनाही मी खेकसून लांब पाठवलं.

पाच एक मिनिटं गेली असतील. मग फाट करून आवाज झाला, झाकण उडालं आणि वर पत्र्यावर आदळलं. कॅनच्या तोंडातून फेस आणि वाफ उसळली. मी डोळे मिटून पाणी मारतच राहिले. हळूहळू सगळं निवलं. केमिकलवाला आला तेव्हा खोलीत घोटाभर पाणी होतं आणि बाकी सगळं धड होतं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. माझा जीव भांड्यात पडला.

केमिकलवाल्यानं खोलीभर फिरून उडालेलं झाकण शोधून काढलं. उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, “ताई, हे आपलं झाकण नाही. याला छिद्र कुठे आहे? हे तुमच्या लिक्विड सोपच्या कॅनचं. दोन्ही निळी, दोन्हीचे आटे सारखे. आणि नुसत्या झाकणानं एवढ्या लवकर कॅन फुगत नाही. आत काहीतरी गेलंय. कोणीतरी उरलेलं परत ओतलंय यात.”

सहा बायका, सासूबाई आणि मी. सगळ्या तिथेच उभ्या होतो. आणि मी, क्षणाचाही विचार न करता, सासूबाईंकडे वळले.

“आई, किती वेळा सांगितलं होतं मी.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “म्या? म्या न्हाई वतलं गं.”

“मग कोणी ओतलं? मोजून काढायचं काम तुमचं. ह्या खोलीत तुम्ही असता.”

“मला तर तसं आठवत न्हाई...”

“तेच तर,” मी म्हणाले. “आठवत नाही, हेच तर चाललंय. एखादीचे डोळे गेले असते आज. बास झालं आता. उद्यापासून घरी बसा.”

हे मी सहा बायकांसमोर बोलले, केमिकलवाल्यासमोर बोलले, आणि माझा आवाज पलीकडच्या वर्कशॉपपर्यंत पोचत असणार. सासूबाईंनी हातमोजे काढले, एकावर एक नीट ठेवले आणि गल्लीत जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी घरी जाताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, रुसल्या. रुसू देत म्हटलं. चूक त्यांची आहे याबद्दल माझ्या मनात शंकेला जागा नव्हती.

पण त्या रुसल्या नव्हत्या. रुसणं मला कळलं असतं, माझ्या माहेरी ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. हे वेगळं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमटीत मीठ घातलं आणि माझ्या नवऱ्याला बोलावून विचारलं, “घातलं का रे मी?” तिसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाल्या, “तूच ठेव बाई. मी कुटं तरी टाकीन.” खाली कोपऱ्यावर भाजीवाली बसते, तिच्याकडे त्या रोज एकट्या जायच्या आणि तासभर घासाघीस करून यायच्या, ते बंद झालं. रस्ता चुकला तर, म्हणाल्या. इतकी वर्षं तळेगावाहून लोकलनं एकट्या आमच्याकडे येणारी बाई.

पुढच्या आठवड्यात एकदा नवरा मला म्हणाला, “आई विचारत होती, विसरायला लागलेल्या माणसांना दाखवायचं असलं तर डॉक्टर कुठला असतो.”

मला वाईट वाटलं. पण खरं सांगते, वाईट वाटलं ते त्यांचं वय झालं म्हणून. त्यांची आठवण आता दगा देते, हे आपण वेळेत ओळखलं, असं मी मनात म्हणत होते. वर स्वतःला शहाणी समजत होते. डॉक्टरांचा नंबरसुद्धा काढून ठेवला होता मी.

नवव्या दिवशी, गुरुवारी, परभणीची बाई सुट्टीवर होती. भाचीचा साखरपुडा होता. म्हणून खिशांच्या टेबलावर मी बसले. आमच्याकडे मशीनमध्ये एकही कपडा खिसे तपासल्याशिवाय जात नाही. डगल्यांच्या खिशातून काय निघत नाही? नट-बोल्ट, तंबाखूची पुडी, पगाराची चिठ्ठी, एकदा तर अर्धा खाल्लेला बेसनाचा लाडू. सगळं ट्रेमध्ये काढून ठेवायचं. मी आपली एकेक खिसा उलटा करत होते. ढिगात आमचेच एप्रन आले, आठवड्याचे धुवायला टाकलेले. आमच्या एप्रनांना नंबर आहेत. एक नंबरचा माझा. खिशात हात घातला, तर हाताला गोल, कडक काहीतरी लागलं.

निळं झाकण. मधोमध बारीक छिद्र.

मी ते हातात धरून बसले, आणि तो मंगळवार मला पुन्हा दिसायला लागला, एकेक गोष्ट करून. सासूबाई चहाला गेल्या होत्या. दोन नंबरच्या मशीनला मीच घाईनं बादलीत पेरॉक्साइड काढलं, रेघेबिघेचा विचार न करता, अंदाजे. ती बादली सोड्याची होती. मशीनपाशी गेले तर सासूबाईंनी चहाला जाण्याआधीच त्यात माप घालून ठेवलेलं. बादली घेऊन परत आले. खांद्यानं फोन कानाला दाबलेला, पलीकडून कॅन्टीनचा माणूस कोटांसाठी ओरडत होता, मी त्याच्यावर ओरडत होते. पेरॉक्साइडचा आणि शेजारचा लिक्विड सोपचा, दोन्ही कॅन उघडे होते. पेरॉक्साइडचं झाकण मी मघाशीच खिशात टाकलं होतं, हात मोकळे हवेत म्हणून. बादलीत उरलेलं मी भस्सकन कॅनमध्ये ओतलं आणि समोर जे निळं झाकण दिसलं ते घट्ट पिळून बसवलं. लाल नियमाच्या बरोबर खाली उभी राहून. लिहिलेला मीच.

एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर हे सांगण्यात अर्थ नाही. मी ते झाकण दुसऱ्या कपड्याखाली सरकवलं. कोणाचं लक्ष नव्हतं. कचऱ्याचा डबा पायाशी होता. टाकलं असतं तर कोणाला कळणार होतं? सासूबाईंना मी हळूहळू परत बोलावलं असतं, मोठ्या मनानं माफ केल्यासारखं दाखवून. सगळ्यांनी मला भली म्हटलं असतं. दहा मिनिटं मी असा विचार करत होते. मग एकदम आमटीची वाटी समोर धरून ‘घातलं का रे मी’ विचारणारा त्यांचा चेहरा डोळ्यासमोर आला, आणि मला माझीच इतकी लाज वाटली की मी उठून बाथरूममध्ये जाऊन रडले. तोंड धुतलं, बाहेर आले आणि झाकण पर्समध्ये टाकलं.

त्या संध्याकाळी घरी सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण बोलले होते ते सगळ्यांसमोर, मग सांगायचं फक्त स्वयंपाकघरात, हे काही मला पटेना. मी म्हटलं, “आई, उद्या माझ्याबरोबर चला.”

“नगं गं,” त्या म्हणाल्या. “माज्या हातून आनखी काय तरी व्हायचं.”

“केमिकलच्या खोलीत नाही जायचं. नुसत्या चला.”

आल्या. पण चपला शोधत, दोनदा पर्समध्ये चष्मा आहे का बघत, माझा हात धरून. लिफ्टचं बटन मला दाबायला लावलं.

सकाळी काम सुरू व्हायच्या आधी आम्ही पाच मिनिटं सगळ्या उभ्या राहतो, आणि रोज मी काहीतरी बोलते. बहुतेक कोणाची तरी खरडपट्टी. परभणीची बाईही आली होती, साखरपुड्याचे पेढे घेऊन. मी म्हटलं, पेढे नंतर. पर्समधून झाकण काढलं आणि हातात वर धरलं.

“हे झाकण माझ्या एप्रनच्या खिशात सापडलं,” मी म्हणाले. “त्या मंगळवारी उरलेलं कॅनमध्ये मी ओतलं. सोड्याच्या बादलीतलं. आणि चुकीचं झाकणही मीच लावलं. आईंनी काही केलं नव्हतं. त्या तेव्हा तुमच्याबरोबर चहाला होत्या, हे मला तिथंच कळायला पाहिजे होतं. मी विचार केला नाही, तोंड सोडलं. चूक माझी आहे.”

मग परभणीची बाई, खाली बघत, नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, “मी बघितलं होतं ताई.”

“काय?”

“तुम्ही वतताना. मी कप ठेवायला आले होते. तवाच सांगावं म्हटलं, वतू नका म्हणून. पण तुम्ही फोनवर लई वरडत होता. अन् नंतर आजीला बोलत होता, तवा तर धीरच झाला नाही. मला माफ करा, आजी.”

मला काय वाटलं, ते नीट सांगता येणार नाही. ती बोलली असती तर कॅन फुगलाच नसता. एवढी साधी गोष्ट. एक बाई माझ्या मागे उभी होती, तिला नियम पाठ होता, आणि माझ्या तोंडाला भिऊन ती गप्प राहिली. बायकांचे डोळे शाबूत राहावेत म्हणून मी ओरडते, असं मी इतके दिवस समजत होते. मी तिला फक्त म्हणाले, “तू कशाला माफी मागतेस बाई.”

सासूबाई माझ्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातलं झाकण घेतलं, बोटानं छिद्र चाचपून पाहिलं.

“म्हंजे म्या न्हाई केलं ते?”

“नाही, आई.”

“नक्की?”

“नक्की. शंभर टक्के मी केलं.”

मला वाटलं, आता त्या रडणार, आणि त्या रडल्या की मीही रडणार. त्यांच्या तोंडावर मात्र नऊ दिवसांत पहिल्यांदा रंग आला.

“मंग माजं डोकं धड हाय,” त्या म्हणाल्या. मला नाही, सगळ्यांना. “आगं, मी न्हाई इसरले काई. मी रातध्याड आटवून आटवून दमले. म्हटलं, वतलं आसंल, आन माज्या ध्यानात न्हाई. सून खोटं कशाला बोलंल? मला वाटलं, संपलं आता. आज झाकाण इसरले, उद्या पोराचं नाव इसरंन.”

आणि मग त्या माझ्याकडे वळल्या. लग्नाला तेवीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी वर आवाज करून काही म्हटलेलं नव्हतं. त्या दिवशी सगळं काढलं. माझं फोनवर ओरडणं काढलं, अंदाजे ओतणं काढलं, आमटीतलं मीठ काढलं, डॉक्टरांचा नंबर काढला, तो त्यांना माझ्या नवऱ्यानं सांगितला होता म्हणे. भाजीवाली आता काय म्हणत असेल, ते काढलं. आवाज पलीकडच्या वर्कशॉपपर्यंत गेला असणार, कारण लेथ बंद पडला. बायका एकमेकींकडे बघत होत्या, एक-दोघींनी पदर तोंडाला लावला होता. परभणीची बाई तर उघड हसत होती.

मी मान खाली घालून ऐकत होते. मध्ये एकदा तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, “गप. माजं झालं न्हाई आजून.” मी गप्प बसले. त्यांचा आवाज खणखणीत होता, त्यांना मंगळवारपासूनचं सगळं दिवसवार आठवत होतं, एकही गोष्ट सुटली नाही, आणि ते ऐकताना मला फार बरं वाटत होतं.